फळ्यावर चित्र काढू नका: प्राथमिक शाळेत चित्रकला शिकवताना

दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, खाली वळणावळणाची नदी, काठावर झोपडी आणि बाजूला नारळाचं झाड. नागपुरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत "निसर्गचित्र काढा" म्हणा, चाळीसपैकी तीस मुलं हेच काढतील. या मुलांनी चढ पाहिलाय तो सेमिनरी हिल्सचा, पाणी पाहिलंय ते फुटाळ्याचं नाहीतर अंबाझरीचं, आणि दारात झाड आहे ते कडुनिंबाचं. तरी नारळ येतो, कारण कुणीतरी तो फळ्यावर काढून दाखवलेला असतो.

मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं हेच करायची. तासाला गेले की फळ्यावर चित्र काढायचं, मुलांनी ते उतरवायचं, मग मी वह्या तपासायच्या. एकदा दुसरीच्या वर्गात फळ्यावर संत्रं काढलं: एक गोल, वर दोन पानं. "नारिंगी रंग भरा," म्हटलं. एक मुलगी रंग न भरता बसून होती. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आमच्या ठेल्यावरचं संत्रं असं नाई रायत. देठापाशी हिरवं रायते, अन् वरतून बसकं रायते." तिच्या घरचा संत्र्यांचा ठेला होता. ती हजारो संत्री बघून आली होती आणि मी तिला माझा गोल उतरवायला सांगत होते. त्या दिवसानंतर फळ्यावर चित्र काढणं मी सोडलं. पुढे जे लिहिते आहे ते पहिली ते पाचवीच्या वर्गांत त्यानंतर हळूहळू बसवलेलं आहे. वेगळा चित्रकला शिक्षक नसलेल्या शाळेतही हे जमतं. स्वतःला चित्र काढता यायलाच हवं असंही नाही. वस्तू मुलांच्या हातात देता आली पाहिजे आणि थांबता आलं पाहिजे.

पहिला तास: काहीही शिकवू नका

विदर्भात शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. पहिल्या चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाला एक कोरा कागद आणि तेलखडू द्या आणि एवढंच सांगा: "आज घरून शाळेत येताना जे दिसलं त्यातलं एक काढा." मदत करू नका, कौतुकही करू नका. चित्रं गोळा करा, मागे तारीख घाला आणि जपून ठेवा. वर्षभराचं मूल्यमापन याच कागदावर उभं राहणार आहे.

आता ही चित्रं निवांत बघा. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वयानुसार पायऱ्या मांडल्या. पुढे त्यावर बरीच चर्चा झाली, पण वर्गातल्या माणसाला त्या आजही उपयोगी पडतात. साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलाच्या कागदावर वस्तू तरंगत असतात: इथे आई, तिथे ऑटो, कोपऱ्यात कुत्रा. आईचं डोकं मोठं, हात थेट डोक्यातून निघालेले. ७ ते ९ च्या सुमारास कागदाच्या तळाशी एक रेघ येते, तीच जमीन, आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. याच वयात घराची भिंत काढूनही आतला पलंग, पंखा, झोपलेली आजी दिसते. ही चूक धरू नका. घरात काय आहे हे मुलाला माहीत आहे आणि ते माहीत असलेलं काढतंय. नवव्या-दहाव्या वर्षी खोडरबर फिरायला लागतो, हाताने कागद झाकला जातो आणि "मला येत नाही" सुरू होतं.

त्यामुळे पहिलीच्या मुलाला "माणसाचं डोकं एवढं मोठं असतं का?" हे विचारू नये, आणि चौथीच्या मुलाला नुसतं "मनाने काढ" म्हणून सोडून देऊ नये. चौथीतल्या मुलाला खरंखुरं दिसणारं काढायचं असतं. ते कसं काढायचं हे त्याला दाखवणाऱ्या माणसाची गरज असते.

सामान

चाळीस मुलांचा वर्ग धरून सांगते. पाच-पाच मुलांचे आठ गट करा. पोस्टर कलरच्या पाचच बाटल्या घ्या: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा. मोठ्या आकाराच्या घ्या. बारा रंगांची छोट्या बाटल्यांची पेटी घेऊ नका, त्यात नारिंगी आणि हिरवा तयार मिळतो आणि मुलांचा सगळ्यात मोठा आनंद जातो. प्रत्येकाला सहा नंबरचा एक गोल ब्रश, गटाला दोन चपटे ब्रश. रंग कालवायला घरातली जुनी स्टीलची ताटली. गटामागे पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ पाण्याचा. हा दुसरा डबा नसेल तर दहा मिनिटांत सगळ्या वर्गाची चित्रं मातकट होतात. आणि एक सुती फडकं. ब्रश धुतला की फडक्याला टिपायचा आणि मगच दुसऱ्या रंगात घालायचा. ही एक सवय लागायला महिना जातो, पण लागली की पाचवीपर्यंत पुरते.

कागद मोठा द्या. चित्रकलेच्या छोट्या वहीत पहिलीच्या मुलाचा हात मनगटातूनच हलतो, आणि त्याला खांद्यातून हात फिरवायचा असतो. मोठ्या ड्रॉइंग शीटचे चार तुकडे केले की पुरतात. सरावाला जुनी वर्तमानपत्रं, पाठकोरे कागद चालतात. चिकटवायची खळ घरीच करा: एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. उन्हाळ्यात ही खळ दुसऱ्याच दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करावी.

तास कसा बसवायचा

पस्तीस मिनिटांच्या तासात रंगकाम होत नाही. सामान काढायला सात मिनिटं, आवरायला आठ, मधल्या वेळात मूल जेमतेम गुंतलेलं असतं. मुख्याध्यापकांना भेटून कला आणि कार्यानुभवाचे तास लागून मागा. मिळालेल्या सत्तर मिनिटांची विभागणी माझ्याकडे साधारण अशी असते: पंधरा मिनिटं बघणं आणि बोलणं, पस्तीस मिनिटं काम, दहा मिनिटं आवरणं, उरलेल्या वेळात चित्रं जमिनीवर मांडून सगळ्यांनी भोवती फिरणं. पाणी आणणारे, ब्रश धुणारे, कागद गोळा करणारे हे दर आठवड्याला बदलायचे. धुणं फक्त मुलींच्या वाट्याला जात नाही ना, याकडे लक्ष ठेवा.

संत्र्याचा तास

हा एक तास सविस्तर सांगते, कारण बाकीचे तास याच साच्यावर बसवता येतात. नोव्हेंबरात, आंबिया बहाराची फळं बाजारात भरपूर असतात तेव्हा घ्या. प्रत्येक गटाला दोन संत्री, शक्यतो एक हिरवट आणि एक पिकलेलं.

आधी डोळे मिटून संत्रं हातात फिरवायचं. कुठे खड्डा लागतो? कुठे उंचवटा? साल ढिली आहे की घट्ट? नागपुरी संत्र्याची साल फोडींपासून थोडी सुटलेली असते, दाबलं की कळतं. मग डोळे उघडून रंग मोजायचे. "संत्र्यात किती रंग आहेत?" पहिलं उत्तर "एक" येतं. थांबा. पुढचं उत्तर स्वतः देऊ नका. थोड्या वेळाने कुणीतरी देठाजवळचा हिरवा सांगतं, कुणी पिवळा डाग, कुणी खिडकीकडच्या बाजूचा पांढरा ठिपका, कुणी खालची काळपट बाजू. तिसरीच्या एका वर्गाने नऊ रंग मोजले होते.

मग रंग कालवायचा. ताटलीत आधी पिवळा घ्यायचा आणि त्यात ब्रशच्या टोकावर येईल एवढाच लाल. क्रम महत्त्वाचा आहे: गडद रंग फिक्यात थेंबाथेंबाने घालायचा. उलट केलं, तर लालाला नारिंगी करायला बाटलीभर पिवळा लागतो आणि मुलं हिरमुसतात. पिवळ्यात लाल मिसळताना ज्या क्षणी तो नारिंगी होतो, त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो होऊ द्या. त्यातच कणभर निळा घातला की सावलीचा तपकिरी रंग मिळतो. काळा रंग आज बाटलीतच राहू द्या, सावली म्हटलं की मुलं आधी त्याच्याकडेच वळतात.

काढताना पेन्सिल नको. थेट ब्रशने, पिवळ्या रंगाने आकार मांडायचा. तो मोठा असावा, कागदाच्या कडांना जवळजवळ टेकणारा. ओला रंग ओल्यावर गेला तर तो पसरतो, वाळल्यावर गेला तर कडा राहते. हे सांगून कळत नाही, एकदा पसरू द्यावं लागतं. आपल्याकडे कोरड्या दिवसांत रंग फार लवकर वाळतो, म्हणून पंखा बंद करा आणि आधी कागदावरून ओला ब्रश फिरवून घ्या.

शेवटी संत्री सोलून खायची. साली टाकू नका, एक साल उलगडून पुढच्या तासाला तिची बाह्यरेषा काढता येते.

रेषा

तिसरीपासून पुढे हा सराव दर आठवड्याला पाच मिनिटं घ्या. समोर एक साधी वस्तू ठेवा: चप्पल, पाण्याची बाटली, कडुनिंबाची डहाळी. आधी हवेत बोटाने तिच्या कडेवरून मुंगीच्या चालीने जायचं. मग पेन्सिल कागदावर टेकवायची आणि नजर वस्तूवरच ठेवून, कागदाकडे न बघता, त्याच चालीने रेषा काढायची. चित्र वेडंवाकडं येतं आणि मुलं खूप हसतात. पण सगळ्यांचंच वाकडं आल्यामुळे "मला येत नाही" म्हणणारा मुलगा पहिल्यांदाच बाकीच्यांच्या रांगेत येतो. महिन्याभरात चपलेचा अंगठा, शिवण, झिजलेली टाच कागदावर दिसायला लागते. खोडरबर या पाच मिनिटांत माझ्या टेबलावर असतो.

ठसे, पानं आणि स्वयंपाकघरातले रंग

हे सोपं आहे, थोडक्यात सांगते. भेंडी आडवी कापून ठसे, पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून ठसे, पानावर पातळ कागद ठेवून तेलखडू आडवा घासणं, हे पहिली-दुसरीला उत्तम. पांढऱ्या तेलखडूने जोर लावून चित्र काढायचं आणि वरून पातळ निळा रंग फिरवायचा. तेल पाण्याला धरत नाही, त्यामुळे लपलेलं चित्र वर येतं.

जास्वंदाचा तास मात्र चुकवू नका. लाल जास्वंदाची पाकळी पांढऱ्या कागदावर चोळली की जांभळट डाग पडतो. त्यावर कापसाने लिंबाचा रस लावला की तो गुलाबी होतो, खायच्या सोड्याचं पाणी लावलं की निळसर-हिरवट. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर सोड्याच्या पाण्याने काढलं तर लालसर रेषा उमटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलला की त्याची फुलं उकळून केशरी पाणी करता येतं. उकळायचं काम तुम्ही करा.

माती: तान्ह्या पोळ्याचा बैल

पोळा श्रावण अमावस्येला आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. त्या दिवशी नागपूरची मुलं लाकडी नंदी सजवून निघतात. मातीकामाला यापेक्षा चांगलं निमित्त नाही. पण लगेच चार दिवसांनी गणेश चतुर्थी असते, त्यामुळे महालातल्या चितार ओळीत मूर्तिकारांना तेव्हा मान वर करायला फुरसत नसते. माती आणायची किंवा मुलांना मूर्तिकाम दाखवायला न्यायचं तर महिना-दीड महिना आधी जा आणि आधी विचारून जा.

प्रत्येकी संत्र्याएवढा गोळा लागतो, म्हणजे साधारण चारशे ग्रॅम. चाळीस मुलांना सोळा किलो भिजलेली माती. ती बरोबर भिजली आहे का हे बघायला अंगठ्याएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तडे गेले तर पाणी कमी, बोटाला चिकटली तर जास्त. वर्गात वाटण्याआधी माती जमिनीवर आपटून, दाबून मळा, आतली हवा निघते.

मुलं काय करतात? एक लांबट गोळा, त्याला चार काड्या चिकटवल्या की झाला बैल. दुसऱ्या दिवशी चारही पाय गळालेले आणि मुलगा रडवेला. म्हणून पहिल्याच मिनिटाला सांगायचं: पाय चिकटवायचे नाहीत, गोळ्यातून ओढून काढायचे. जाडजूड लांबट गोळा घ्या, खालून अंगठ्याने मधली माती दाबत चार कोपरे खाली ओढा. वशिंड वरून चिमटीत धरून उचला, मान पुढे खेचा. जे चिकटवावंच लागतं, शिंगं आणि कान, तिथे दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडायचे, मातीचा पातळ घोळ लावायचा आणि मग दाबायचं. शिंगं आखूड ठेवा.

बैल सावलीत वाळवा. पहिल्या दिवशी त्यावर ओलसर फडकं घाला, कारण बाहेरून लवकर वाळला आणि आत ओला राहिला की पोटाला चीर जाते. चार-पाच दिवसांनी गेरू, मग सजावट. इथे मुलांना विचारा, तुम्ही फक्त ऐका: झूल कशी असते, मठाटी हा बैलाचा साज कुठे बांधतात, घुंगरमाळेत किती घुंगरू. ज्यांचं आजोळ खेड्यात आहे ती मुलं त्या दिवशी वर्गाची गुरुजी होतात. एका मुलाने बैलाच्या पायाशी मातीची छोटी घमेली ठेवली होती. "पुरणपोळी हाय त्यात," म्हणाला.

बडग्या

चौथी-पाचवीला गटाचं काम हवं असतं. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे हेही पुतळेच असतात, आणि "रोगराई घेऊन जा गे मारबत" ही आरोळी मुलांना पाठ असते. शहराला नको असलेल्या गोष्टींचा पुतळा करून मिरवणुकीने बाहेर न्यायचा, ही कल्पना दहा वर्षांच्या मुलाला लगेच पटते. गटाला एकच प्रश्न द्या: आपल्या वर्गातून काय घालवायचं? डास, गळका नळ, पाठीवर ओझं होणारं दप्तर, अशी उत्तरं येतात. मग त्या गोष्टीला चेहरा कसा असेल, दात कसे, हात किती? बांबूच्या कामट्या तुम्ही बांधून द्या, वर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने तीन थरांत चिकटवा, प्रत्येक थर वाळू द्या, मग रंग. एक नियम पक्का: बडग्या कुठल्याही मुलाचा, शिक्षकाचा किंवा ओळखीच्या माणसाचा करायचा नाही.

वर्गाबाहेर

सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे. बहुतेक शाळा मुलांना तिथे नेतात आणि रांगेत फिरवून अर्ध्या तासात बाहेर आणतात. त्याऐवजी पहिली पंधरा मिनिटं फिरू द्या आणि मग प्रत्येकाने एकच वस्तू निवडून तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं. फक्त पेन्सिल आणि पुठ्ठ्याला चिमटा लावलेला कागद. रंग आत नेऊ नका. परवानगी आणि सुटीचा वार आधी विचारून घ्या. आकार शिकवायचे असतील तर दीक्षाभूमीचा घुमट, आणि धीर असेल तर झिरो माइलच्या स्तंभापाशी असलेले चार घोड्यांचे पुतळे. घोडा अवघड जातो, पण चौघांनी चार बाजूंनी काढून कागद शेजारी ठेवले की एकाच गोष्टीची चार रूपं कशी असतात हे मुलं स्वतःच बोलायला लागतात.

चित्राबद्दल बोलताना

"छान" म्हणणं मी फार कमी केलंय. सगळ्यांना छान म्हटलं की मुलं दुसऱ्या महिन्यात ऐकणं बंद करतात. "हे काय आहे?" हाही प्रश्न बोचतो, कारण मुलाच्या मते ते उघड दिसतंय. "मला याच्याबद्दल सांग ना" म्हणा. किंवा जे दिसतं तेच बोला: "इथे रेषा खूप दाट झाल्या." तो काय म्हणतो ते चित्राच्या मागे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारखेसह. वर्णनात्मक नोंदी करताना हीच वाक्यं कामी येतात. "चित्रकलेत रस घेतो" या तयार वाक्यापेक्षा "पावसात भिजलेल्या म्हशीचा रंग काळा आणि निळा मिसळून केला" ही नोंद पालकांनाही काही सांगते.

मुलाच्या चित्रावर आपला हात चालवू नका, एक रेघसुद्धा नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर दाखवा आणि तो कागद फाडून टाका.

एक गोष्ट जपून बघा. एखादा मुलगा वारंवार पान तपकिरी आणि माती हिरवी रंगवत असेल, तर त्याला रागावू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणं हे मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये, आढळतं आणि बहुतेकदा घरी कुणाला माहीत नसतं. पालकांना बोलावून डोळे तपासायला सांगा आणि तोवर बाटल्यांवर रंगांची नावं मोठ्या अक्षरांत चिकटवा.

चित्रं भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावा, आणि सगळ्यांची लावा. जागा कमी असेल तर पाळी लावा. वर्गात पहिला-दुसरा नंबर काढू नका. बाहेरच्या स्पर्धेला ज्याला जायचंय त्याला जाऊ द्या, पण तिथे बक्षीस मिळतं म्हणून घोटून घेतलेलं निसर्गचित्र पुन्हा वर्गात येऊ देऊ नका. पालक विचारतील, "मॅडम, नीट काढायला कधी शिकवणार?" अशा वेळी जूनचं चित्र आणि आत्ताचं चित्र शेजारी ठेवा आणि दोन मिनिटं गप्प बसा.

एप्रिलमध्ये

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाबरोबर पाच मिनिटं बसून त्याची फाइल उलटायची. कुठलं आवडतं, कुठलं पुन्हा काढावंसं वाटतं, हे त्यानेच सांगायचं. फाइल त्याच्या घरी जाते, पहिलं आणि शेवटचं चित्र फोटो काढून मी ठेवते.

मग सामानाचं बघा. नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाटातला पोस्टर कलर दगड होतो. प्रत्येक बाटलीत चमचाभर पाणी घालून ढवळा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा धरून घट्ट लावा आणि बाटल्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. ब्रश साबणाने मुळापर्यंत धुवा, ओठांत धरल्यासारखं बोटांनी टोक जुळवा आणि आडवे वाळवा. डब्यात केसांवर उभे करून ठेवलेले ब्रश जूनमध्ये झाडूसारखे निघतात. उरलेली माती फेकू नका. ती वाळू द्या, कुटून गोणीत भरा, पोळ्याच्या आधी पुन्हा भिजवता येते.